घोड्याच्या पाठीवरची पावलं

पनवेल-तळोजा पट्ट्यात घोडा दिसतो तो लग्नसराईत. डीजेचा दणदणाट, वरातीपुढे तडतडणारी माळ, आणि त्या गोंगाटात जरीची झूल पांघरून उभी असलेली घोडी. नवरदेव चढतो, फोटो निघतात, नवरदेव उतरतो. घोडीकडे कुणी फारसं बघत नाही. दुसरा घोडा भेटतो तो मे महिन्याच्या सुट्टीत, माथेरानला. नावडे हे पूर्वीचं आगरी वस्तीचं गाव, आता सिडकोचा नोड आणि पनवेल महापालिकेचा भाग. इथल्या बहुतेक घरांची घोड्याशी ओळख या दोन भेटींपुरतीच असते.

जगात अनेक ठिकाणी मात्र घोडा गेली कित्येक दशकं आणखी एक काम करतो आहे. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात झालेलं, स्वमग्न असलेलं किंवा अपघातानंतर तोल हरवलेलं माणूस पाठीवर घ्यायचं आणि ठरलेल्या वेळेत संथपणे चालायचं. धावायचं नाही, उडी मारायची नाही. ऐकायला हे सोपं वाटतं. प्रत्यक्षात घोड्याकडून इतकं अवघड काम क्वचितच कुणी करून घेतलं असेल.

असं एक सत्र कसं चालतं ते आधी पाहू. रिंगणाच्या एका टोकाला लाकडी किंवा सिमेंटचा उतार बांधलेला असतो. चाकाची खुर्ची त्यावरून घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत जाते. घोडा उताराला अगदी खेटून उभा राहतो. मुलाचे पाय ताठरलेले असतात, दोन्ही मांड्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. त्या हळूहळू सैल करत एक पाय पलीकडे टाकायला कधी कधी चार-पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ घोड्याने पाऊलही हलवायचं नाही. पाठीवर बहुधा खोगीर नसतं. जाड लोकरी गादी आणि मुठी लावलेला रुंद पट्टा एवढंच असतं, म्हणजे घोड्याच्या अंगाची ऊब आणि पाठीची हालचाल थेट मुलापर्यंत पोचते. घोड्याचं तापमान माणसापेक्षा साधारण अंशभर जास्त असतं, आणि आखडलेल्या स्नायूंना ती ऊब मानवते.

मग चाल सुरू होते. एक जण घोड्याच्या डोक्याजवळ लगाम धरून चालतो. मुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक मदतनीस असतो, एक हात मुलाच्या मांडीवर आणि दुसरा पाठीमागे तयार. चौथी व्यक्ती फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट. तिची नजर घोड्याच्या मागच्या पायांवर आणि मुलाच्या कमरेवर असते. ती म्हणते, "थांबा." घोडा थांबतो, मूल पुढे झुकतं आणि स्वतःला सावरतं. "चला." पुन्हा मागे झोक, पुन्हा सावरणं. मग वळण, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वाट. कधी मुलाला उलटं, शेपटीकडे तोंड करून बसवतात. बाहेरून पाहणाऱ्याला ही नुसती फेरी वाटते. मुलाच्या पोटाचे आणि पाठीचे स्नायू मात्र प्रत्येक पावलाला कामाला लागलेले असतात.

याचं कारण घोड्याच्या चालीत आहे. संथ चालीत त्याचे चारही खूर एकामागून एक, वेगवेगळे पडतात. त्यामुळे पाठ एकाच वेळी वर-खाली, डावी-उजवीकडे आणि मागे-पुढे होते, शिवाय किंचित वळतेही. माणूस स्वतःच्या पायांनी चालतो तेव्हा त्याच्या कमरेची हालचाल जवळपास अशीच होते. ज्या मुलाने आयुष्यात एकही पाऊल टाकलेलं नाही, त्याच्या कमरेला घोड्यावर बसल्यावर चालण्याची लय पहिल्यांदा कळते. घोडा मिनिटाला शंभराच्या आसपास पावलं टाकतो. वीस मिनिटांच्या सत्रात ही लय दोन हजारांच्या घरात वेळा मिळते. व्यायामाच्या टेबलावर कोणताही थेरपिस्ट, कितीही कसलेला असला तरी, दोन हातांनी एवढं करून घेऊ शकत नाही.

या कामाचा उगम सांगताना जगभर एका घोडीचं नाव घेतलं जातं: जुबिली. तिची स्वार लिस हार्टेल ही डेन्मार्कची. १९४४मध्ये, तेविसाव्या वर्षी, दुसऱ्या बाळंतपणाआधी तिला पोलिओने गाठलं. बाळ सुखरूप जन्मलं, पण गुडघ्यांखाली दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. ती पुन्हा घोड्यावर बसेल असं वाटण्याजोगी परिस्थिती नव्हती. ती बसली. चढायला-उतरायला दुसऱ्याची मदत लागायची. ड्रेसाज या प्रकारात घोड्याला पायांच्या दाबाने इशारे द्यायचे असतात, आणि नेमके तेच तिला देता येत नव्हते. जुबिली तिच्या पाठीचे आणि वजनाचे बारीक झोके वाचायला शिकली. १९४७मध्ये लिस स्कँडिनेव्हियन स्पर्धेत दुसरी आली.

१९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांना ड्रेसाजमध्ये उतरायला प्रथमच परवानगी मिळाली. तोवर हा सैन्यातल्या अधिकाऱ्यांचा प्रांत होता. पुरुषांच्या बरोबरीने उतरलेल्या लिसने रौप्यपदक मिळवलं. सुवर्णपदक विजेत्या स्वीडनच्या आंरी सँ सिर यांनी तिला आधार देऊन पदकाच्या चौथऱ्यावर चढवलं, तेव्हा ही बाई चालू शकत नाही हे अनेक प्रेक्षकांना पहिल्यांदा समजलं. चार वर्षांनी तिने पुन्हा रौप्य घेतलं. ते ऑलिम्पिक मेलबर्नचं होतं, पण ऑस्ट्रेलियाच्या कडक विलगीकरण नियमांमुळे घोड्यांच्या स्पर्धा स्टॉकहोमला भरल्या होत्या. जुबिली नामवंत रक्ताची, महागडी घोडी नव्हती, हे या हकिकतीत विसरू नये.

लिसच्या पदकानंतर युरोपातल्या फिजिओथेरपिस्टांनी या गोष्टीकडे गांभीर्याने पाहायला सुरुवात केली. १९६९ साली ब्रिटनमध्ये अपंगांसाठी घोडेस्वारीची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. स्वतः ऑलिम्पिक स्वार असलेल्या राजकन्या अ‍ॅन १९८५पासून तिच्या अध्यक्ष आहेत. त्याच वर्षी, १९६९लाच, अमेरिकेतही अशी संघटना उभी राहिली. प्रशिक्षकांची परीक्षा, केंद्रांची तपासणी आणि सुरक्षेचे नियम तिने ठरवून दिले. भारतात पुणे, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली अशा शहरांतल्या अश्वारोहण केंद्रांतून या पद्धतीची ओळख झाली. ज्या घरात घोडा परवडत नाही अशा घरांपर्यंत मात्र ती फारशी झिरपलेली नाही.

घोड्याने मुलं सुधारतात, असं मोघम म्हणणाऱ्यांपासून पालकांनी सावध राहावं. नेमकं काय दिसलं आहे ते पाहणं बरं. २००३मध्ये अमेरिकेत सेरेब्रल पाल्सीच्या १५ मुलांवर एक छोटा प्रयोग झाला. काहींना आठ मिनिटं चालत्या घोड्यावर बसवलं, काहींना आठ मिनिटं स्थिर पिंपावर घोड्यासारखं बसवलं. आधी आणि नंतर स्नायूंचे विद्युत आलेख घेतले. घोड्यावर बसलेल्या मुलांत डाव्या-उजव्या बाजूच्या स्नायूंच्या कामातली तफावत कमी झाली. पिंपावर बसलेल्यांत तसा फरक पडला नाही. म्हणजे पाय फाकवून बसण्याने हे साधत नाही, चाल लागते. स्वमग्नतेवरचा मोठा अभ्यास २०१५चा, कोलोरॅडोतला. ६ ते १६ वर्षांची १२७ मुलं, दहा आठवडे. एका गटाला घोडेस्वारी, दुसऱ्याला तबेल्यातच घोड्यांविषयीचे धडे, पण घोडा नाही. स्वारी करणाऱ्या गटात चिडचिड आणि अतिचंचलता कमी झाली, बोलण्यातले शब्द वाढले.

बसण्याचा तोल आणि धडावरचं नियंत्रण याबाबत पुरावा बरा आहे. मूल उठून चालू लागेल, बोलू लागेल, असं आश्वासन द्यायला तो पुरेसा नाही. बहुतेक अभ्यास लहान आहेत. घोडा हा नेहमीच्या थेरपीच्या जोडीला असतो, तिच्या जागी नाही.

आता घोड्याविषयी, कारण सगळं त्याच्यावर येऊन ठेपतं.

महाराष्ट्रात घोडा कसा पारखतात ते पाहायचं तर मार्गशीर्षात सारंगखेड्याला जावं. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी, दत्तजयंतीला, एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. गिऱ्हाईक उंची बघतं, रंग बघतं, मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याचे कान टोकाला जुळतात का ते बघतं, अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ ते बघतं. नाचणारा, पुढचे पाय उचलून उभा राहणारा घोडा भाव खातो. तेज हाच त्या बाजारातला निकष आहे, आणि शतकानुशतकांच्या युद्ध-वरातींतून तो आलेला आहे.

थेरपीसाठी घोडा निवडणारा माणूस त्याच बाजारातून रिकाम्या हाताने परतेल. त्याला हवा असतो दहा-बारा वर्षांचा, पुरतं जग पाहिलेला, मध्यम उंचीचा घोडा, म्हणजे बाजूने चालणाऱ्याचा हात मुलाच्या कमरेपर्यंत पोचेल. चाल सरळ आणि सम हवी. लंगड्या चालीचा घोडा मुलाच्या कमरेला चुकीची लय शिकवतो. आणि स्वभाव? इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. शांत घोडा म्हणजे मठ्ठ घोडा, ढोसलं तरी ढिम्म राहणारा, असं अनेकांना वाटतं. मठ्ठ घोडा या कामाला निरुपयोगी. त्याला पाठीवरचा तोल घसरल्याचं कळतच नाही. चांगला थेरपीचा घोडा उलट फार जागा असतो. मूल एका अंगाला कललं की त्याचा एक कान मागे वळतो, पाऊल मंदावतं, काही घोडे तर आपणहून थांबतात. त्याला सगळं कळतं, फक्त तो दचकत नाही.

आणि दचकणं हा तर घोड्याचा मूळ धर्म. तो शिकार होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चौफेर दिसतं. अगदी नाकासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. संकट वाटलं की आधी पळायचं आणि विचार नंतर करायचा, यावर त्याची जात लाखो वर्षं तगली. अशा प्राण्यासमोर चाकाची खुर्ची खडखडत येते, कुबड्या हलतात, मूल अचानक किंचाळतं, आनंदाने त्याच्या आयाळीचा बुचका ओढतं, पाय आखडून त्याच्या फासळ्या आवळतं. हे सगळं सोसायला त्याला महिनोन्‌महिने शिकवावं लागतं: आधी लांबून खुर्ची दाखवायची, मग ती भोवती फिरवायची, मग पाठीवर चेंडू, रंगीत रिंगा, फडफडणारं कापड. प्रत्येक वेळी तो थांबून हुंगेल इतका वेळ द्यायचा. घाई केली की सगळं मुसळ केरात.

हे शिकवणारा माणूस आपल्याकडे नाही असं नाही. नावड्याच्या पूर्वेला माथेरानचा डोंगर आहे. तिथे दस्तुरीच्या पुढे मोटारीला बंदी, त्यामुळे माणूस आणि सामान नेण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांनी केलं. परवानाधारक घोड्यांची संख्या ४६० असल्याचं सरकारदरबारी नोंदलेलं आहे. माथेरानचा घोडेवाला काय करतो? एक हात लगामावर ठेवून घोड्याच्या डोक्याशी चालतो. पाठीवर कधीच घोडा न पाहिलेलं मूल किंवा घाबरलेली आजी बसलेली असते. त्याचा एक डोळा वाटेवर आणि एक स्वारावर. थेरपीच्या सत्रात घोड्यापुढे चालणाऱ्या माणसाकडून याच कसबाची अपेक्षा असते. डिसेंबर २०२२पासून माथेरानला ई-रिक्षा आल्या, ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा बंद करण्याचा आदेश दिला. हातरिक्षा जायलाच हव्या होत्या. माणसाने माणसाला ओढणं लाजिरवाणंच. पण ई-रिक्षांमुळे घोडेवाल्यांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला, हेही खरं. त्यांच्यातल्या निवडक तरुणांना आणि निवडक घोड्यांना या कामाचं शास्त्रशुद्ध प्रशिक्षण मिळालं, तर त्यांच्या विद्येला नवं गिऱ्हाईक मिळेल. निवडक हा शब्द महत्त्वाचा. चढणीवर थकलेला, खोगिराखाली जखमा झालेला घोडा मुलांच्या सेवेला लावणं म्हणजे दोघांवरही अन्याय.

दुसरा आधार भीमथडीचा. राज्यगीतात ज्यांचा उल्लेख येतो ती ही तट्टं. भीमेच्या खोऱ्यातली, बुटकी, काटक, कमी चंदीवर राबणारी. मराठ्यांच्या फौजा ज्यांच्या पाठीवरून हिंडल्या ती ही जात नंतर दुर्लक्षित झाली आणि मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांनी बिऱ्हाड वाहायला तिला जपलं. अलीकडेच राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून तिची नोंद झाली. धनगराच्या वाड्यावर या घोड्यांच्या पाठीवर भांडीकुंडी, कोंबड्या, करडं आणि लेकरं एकत्र बसून प्रवास करतात. खडखडाट आणि कलकलाट त्यांना नवा नाही. उंची बेताची आणि चाल घट्ट असल्याने लहान मुलांच्या सत्रांसाठी हे तट्टू अभ्यासण्याजोगं आहे. वजनाचं गणित मात्र सांभाळायला हवं. घोड्याने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझं वाहू नये, असा साधारण दंडक आहे. तट्टू ३०० किलोचं धरलं, तर गादीसकट ६० किलो. म्हणजे मोठ्या मुलांसाठी मोठा घोडाच लागेल.

मुलांची तर उणीव नाही. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक अपंग व्यक्ती आहेत, आणि ती मोजणी जुन्या, कमी प्रकारांच्या यादीवर होती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार सातावरून २१ केले. नावड्याशेजारी खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेचं विभागीय केंद्र आहे. वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग शिक्षण व प्रशिक्षण केंद्र, ईटीसी, पालकांमध्ये नावाजलेलं आहे. थेरपिस्ट, विशेष शिक्षक, तपासणीची सोय, सगळं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात आहे.

जागेचा विचार मात्र डोळे उघडे ठेवून करावा लागेल. नावड्याला खेटून तळोजा औद्योगिक वसाहत आहे. ऑगस्ट २०१७मध्ये तिथली भटकी कुत्री रंगाच्या सांडपाण्याने निळी पडली आणि ती छायाचित्रं जगभर गेली. कासाडी नदीचं प्रदूषण इथल्या रहिवाशांना कुणी सांगायला नको. घोड्याची फुप्फुसं धूर आणि धुळीला फार नाजूक. रात्री खिडक्या लावून घ्याव्या लागतात अशा हवेत पागा बांधणं बरोबर नाही. वसाहतीपासून दूर, डोंगराच्या पायथ्याशी, मोकळी हवा आणि पाण्याचा निचरा असलेली जागा शोधावी लागेल. कोकणातल्या पावसात चार महिने खूर चिखलात राहिले की सडतात, म्हणून छपराखालचं रिंगण हवंच.

आणि घोड्याचाही दिवस असतो. सकाळी खरारा, खूर साफ करणं, चंदी-वैरण, पाणी, नालबंदाची ठरलेली फेरी, पशुवैद्याची तपासणी. शेंबा म्हणजे ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे रक्ततपासणीत हयगय चालत नाही. डळमळत्या तोलाचं ओझं वाहून घोड्याची पाठ एका बाजूने दुखावते. म्हणून अधूनमधून कसलेल्या स्वाराने त्याला मोकळं फिरवावं लागतं, आणि रोज काही तास त्याला त्याच्या सोबत्यांबरोबर नुसतं चरू द्यावं लागतं. कान मागे चिकटवणं, शेपटी सतत झटकणं, उताराजवळ यायला नकार देणं ही थकव्याची भाषा आहे. ती ऐकून ज्या केंद्रात सत्र रद्द होतं, ते केंद्र चांगलं.

पालकांनीही काही गोष्टी पक्क्या ठेवाव्यात. डाऊन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल आहे का, हे तज्ज्ञाकडून तपासल्याशिवाय मुलाला घोड्यावर बसवू नये. आटोक्यात नसलेली आकडी, निखळलेला खुबा, पाठीच्या कण्याचा मोठा बाक, घोड्याच्या केसांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टर नको म्हणतील, आणि ते ऐकावं. हेल्मेट नसेल तर परत फिरावं. नोंदणीकृत थेरपिस्ट हजर नसताना कुणी थेरपी म्हणून पैसे घेत असेल, तर ती साधी घोड्यावरची फेरी समजावी. मुलाला तीही आवडेल, पण तिचं नाव थेरपी नाही.

राहता राहिला पैसा. घोडा, तीन प्रशिक्षित माणसं आणि एक थेरपिस्ट एका मुलामागे उभे राहतात, म्हणून हे स्वस्त होणार नाही. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं विमा संरक्षण मिळतं. अनेक घरांनी तो अर्जसुद्धा भरलेला नसतो, तो आधी भरावा. शिवाय महाराष्ट्रातल्या प्रत्येक महापालिकेने आपल्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांग कल्याणासाठी राखून ठेवायचे असतात. पनवेल महापालिका १ ऑक्टोबर २०१६ला स्थापन झाली, आणि नावडे तिच्याच हद्दीत येतं. खारघरचं केंद्र, एखादं अनुभवी अश्वारोहण केंद्र आणि माथेरानचे घोडेवाले यांना एकत्र बसवून दोन घोड्यांचा, वर्षभराचा, मोजमाप ठेवून चालणारा प्रयोग या तरतुदीतून सुरू करता येईल. महापालिकेचं अंदाजपत्रक नव्या वर्षाच्या पहिल्या तिमाहीत ठरतं. ज्या पालकांना आपल्या मुलासाठी हे हवं आहे त्यांनी दिवाळीची सुट्टी संपताच दहा-वीस जणांच्या सह्यांनिशी लेखी मागणी करावी, तिची पोचपावती घ्यावी आणि प्रत जपून ठेवावी.